चार एकर द्राक्षबाग आणि छोटा ट्रॅक्टर: सातबाऱ्यापासून ब्लोअरपर्यंत

निफाड तालुक्यात आमची चार एकर द्राक्षबाग आहे. अडीच एकर थॉमसन जातीची द्राक्षं वाय पद्धतीवर, म्हणजे इंग्रजी वाय आकाराच्या अँगलवर, आणि दीड एकर जुना मांडव, म्हणजे डोक्यावर आडव्या तारा. जानेवारी २०२३ मध्ये आम्ही २४ एचपीचा, चारही चाकांना ओढ असलेला छोटा ट्रॅक्टर घेतला. नवरा नाशिकला अंबडच्या कंपनीत नोकरीला असल्यामुळे शेत मी बघते, आणि कागदपत्रांचे सगळे सोपस्कारही मीच केले. आता आजूबाजूच्या वस्त्यांवरून, माहेराकडून, नणंदेच्या गावाकडून फोन येतात, "ताई, अनुदानात बसतो का? कोणता घेतला? मांडवात जातो का?" प्रत्येकीला तुकड्यातुकड्यात सांगण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून काढते.

सासऱ्यांच्या काळी एचटीपी म्हणजे जास्त दाबाचा पंप, लांब नळी आणि गन असा फवारा होता. दोन माणसं नळी ओढायला, एक मारायला. नंतर गावातल्या एका भाऊंचा ट्रॅक्टर आणि ब्लोअर, म्हणजे पंख्याच्या हवेने औषध उडवणारं फवारणी यंत्र, भाड्याने यायला लागला. माणूस चांगला, दरही वाजवी. पण द्राक्षातली अडचण अशी की रात्री पाऊस झाला की सकाळी सगळ्या गावाला एकाच वेळी ब्लोअर हवा असतो. पोंगा (छाटणीनंतरची कोवळी फूट) ते फुलोरा या दिवसांत पान रात्रभर ओलं राहिलं तर डाऊनी हा रोग दुपारपर्यंत थांबत नाही, आणि आपला नंबर संध्याकाळी लागतो. सासरे फेब्रुवारी २०२१ मध्ये गेले. त्यानंतरच्या हंगामात ट्रॅक्टरची वाट बघत बांधावर उभं राहणं पुष्कळ झालं, तेव्हा ठरलं की आपला घ्यायचा.

ठरवल्यावर पहिलं काम ट्रॅक्टर बघण्याचं नव्हतंच, सातबारा नीट करण्याचं होतं. जमीन सासऱ्यांच्या नावावर. वारस नोंदीचा अर्ज तलाठी कार्यालयात दिला. सोबत मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र आणि सगळ्यांची आधार कार्डं. नोटीस निघाली की हरकतीसाठी १५ दिवस जातात, मग मंडळ अधिकारी फेरफार मंजूर करतात. नणंदेने हक्कसोड पत्र करून दिलं, तेही दुय्यम निबंधकांकडे नोंदवून घेतलं. तिने एका शब्दाने कुरकुर केली नाही, हे इथे लिहून ठेवते. शेवटी सातबाऱ्यावर सासूबाई आणि नवरा अशी दोन नावं आली. या कामात २०२२ चा उन्हाळा उजाडला. ज्यांच्या घरी वारस नोंद राहिली आहे त्यांनी कोटेशनच्या आधी याच कामाला लागावं, कारण पुढचा प्रत्येक कागद याच नावावर चालतो.

अर्ज कोणाच्या नावाने करायचा, यावर घरात चर्चा झाली. कृषी यांत्रिकीकरण उपअभियानात त्या वेळी महिला, अल्प व अत्यल्प भूधारक, अनुसूचित जाती-जमाती यांना ट्रॅक्टरच्या किमतीच्या ५० टक्के, पण जास्तीत जास्त सव्वा लाख रुपये होते. इतरांना ४० टक्के, जास्तीत जास्त एक लाख. आमची जमीन दोन हेक्टरच्या आत असल्याने नवराही ५० टक्क्यांत बसत होता. तरी सासूबाईंच्या नावाने करायचं ठरलं. त्यांचं म्हणणं, "माझ्या नावावर आजवर एक शेळीसुद्धा नव्हती. होऊ द्या." सामाईक खातं असल्यामुळे नवऱ्याचं संमतीपत्र जोडावं लागलं.

जुलै २०२२ मध्ये महाडीबीटीच्या शेतकरी पोर्टलवर अर्ज भरला. शुल्क २३ रुपये ६० पैसे. इतकं स्वस्त सरकारी काम दुसरं नसेल, पण त्याच्या आधी आधार जुळवण्यात आठवडे गेले. सातबाऱ्यावर सासूबाईंच्या नावापुढे 'बाई' होतं, आधारवर नव्हतं, आणि बँकेच्या पासबुकात वडिलांचं नाव मधे. शिवाय आधारला जो मोबाइल जोडलेला होता तो सासऱ्यांचा, आणि ते सिम बंद पडलेलं. ओटीपी येणार कुठे? आधार केंद्रावर नवा नंबर जोडला, बँकेत केवायसी नव्याने केली, खातं आधारशी संलग्न आहे की नाही ते विचारून घेतलं. अनुदान आधारशी जोडलेल्या खात्यातच येतं. घरी दोन-तीन बँकांत खाती असतील तर कोणतं खातं जोडलेलं आहे हे आधीच बघा. कितीतरी लोकांचे पैसे विसरलेल्या खात्यात जाऊन पडतात आणि ते कार्यालयाच्या नावाने बोटं मोडत बसतात.

डिजिटल सही असलेला सातबारा आणि आठ-अ महाभूमीच्या संकेतस्थळावरून प्रत्येकी १५ रुपयांत निघतो. तो प्रत्येक टप्प्यावर ताजा मागतात, म्हणून सुरुवातीलाच गठ्ठा काढून ठेवायचा नाही.

तेव्हा अर्जदारांची निवड सोडतीने व्हायची. अर्ज भरून झाला आणि सोडतीची वाट सुरू झाली. या मधल्या काळात मी ट्रॅक्टर बघायला लागले.

शोरूममध्ये गेलं की पहिला प्रश्न, "साहेब नाही आले?" एका ठिकाणी तर मी मागच्या चाकांची रुंदी विचारली आणि विक्री करणाऱ्या पोराने उत्तर नवऱ्याकडे बघून दिलं. नवरा म्हणाला, "मला कशाला सांगतोस, चालवणार ती आहे." तेव्हापासून मी एकटीच जायला लागले, खिशात मोजपट्टी घेऊन.

ती मोजपट्टी आधी बागेत फिरवली होती. आमच्या ओळी नऊ फुटांवर आहेत, त्यामुळे ओळीत छोटा ट्रॅक्टर आरामात बसतो असं सगळेच सांगत होते. खरंही आहे. पण अडचण ओळीत नव्हतीच. ओळ संपते तिथे अँगलला ताण देणाऱ्या तारा जमिनीत पुरलेल्या असतात, त्यापुढे बांध, बांधाला लागून शेजाऱ्याची पाइपलाइन. तिथे वळायला जागा किती आहे, हे मोजल्यावर पश्चिमेच्या बाजूला जेमतेम अकरा फूट निघाली. माहितीपत्रकात वळण्याची जी त्रिज्या छापलेली असते ती बहुधा एका बाजूचा ब्रेक दाबून मोजलेली असते, आणि मागे काहीही न जोडता. मागे ब्लोअर लटकवला की त्याचा घेर वेगळा. मांडवात दुसरंच माप लागतं. तारांची उंची आमच्याकडे सहा फुटांच्या थोडी आत, घड लटकले की आणखी खाली. म्हणजे बसलेल्या माणसाचं डोकं, स्टेअरिंग आणि सायलेन्सर हे तिन्ही त्याखाली बसलं पाहिजे.

तेव्हा आमच्या भागात चालणारे छोटे ट्रॅक्टर म्हणजे महिंद्राचा जिवो २४५, कुबोटाचे बी २४४१ आणि बी २७४१, जॉन डिअरचा ३०२८ ईएन, व्हीएसटीचे, कॅप्टनचे. पंधरा एचपीचे युवराज आणि स्वराज ७१७ स्वस्तात बसत होते, पण भरल्या ब्लोअरसह ओल्या काळ्या मातीत चालायचं तर मला चारही चाकांना ओढ हवी होती. मी यातला कोणता घेतला ते मुद्दाम लिहीत नाही. आमच्यासाठी शेवटी ज्याचं सर्व्हिस सेंटर जवळ आणि ज्याचा मेकॅनिक फोन उचलतो तो ठरला, आणि ते तुमच्या गावात वेगळं असणार.

एक कागद मात्र सगळ्यांनी वाचावा. मध्य प्रदेशात बुदनी इथे केंद्र सरकारची ट्रॅक्टर तपासणी संस्था आहे. तिथल्या चाचणीचे अहवाल संस्थेच्या संकेतस्थळावर मिळतात, आणि अनुदानासाठी तपासणी अहवाल जोडावाच लागतो. बहुतेक जण तो डीलरकडून घेऊन न वाचता अपलोड करतात. त्यात इंजिनची ताकद वेगळी आणि पीटीओवर, म्हणजे मागचं अवजार फिरवणाऱ्या दांड्यावर, मिळणारी ताकद वेगळी दिलेली असते. ब्लोअर पीटीओवर चालतो, म्हणून आपल्याला दुसरा आकडा महत्त्वाचा. मागचं अवजार उचलणाऱ्या लिफ्टचंही तसंच. माहितीपत्रकात ७५० किलो लिहिलेलं असतं, ते अवजार जोडायच्या दांड्यांच्या टोकावर. वजन जसं मागे सरकतं तशी उचलण्याची क्षमता घटते. मी ६०० लिटरच्या टाकीचा ब्लोअर मनात धरला होता. पाण्याचेच ६०० किलो, वर यंत्राचं वजन. हिशेब कागदावर मांडला आणि ४०० लिटरवर आले. म्हणून सांगते, आधी ब्लोअर ठरवा, मग ट्रॅक्टर. शोरूममध्ये नेमकं उलटं चालतं.

ऑक्टोबर २०२२ मध्ये परतीच्या पावसाने पाठ सोडली नाही. आमची छाटणी नुकतीच झालेली. त्या दिवसांबद्दल फार लिहीत नाही, द्राक्षवाल्यांना सांगायला नको आणि इतरांना कळायचं नाही.

दिवाळीनंतर सासूबाईंच्या नव्या नंबरवर निवड झाल्याचा संदेश आला. आता कागद अपलोड करायला मोजके दिवस असतात. ताजा सातबारा, आठ-अ, डीलरचं कोटेशन, तपासणी अहवाल, संमतीपत्र, स्वयंघोषणापत्र. कोटेशनवर अर्जदाराचं नाव, ट्रॅक्टरचं मॉडेल, एचपी आणि जीएसटी क्रमांक स्वच्छ दिसला पाहिजे. आमचा एक कागद परत आला, कारण स्कॅन तिरका होता आणि शिक्का अर्धा कापला गेला होता. कृषी सहाय्यकांनी फोन करून सांगितलं म्हणून कळलं. पोर्टलवर त्रुटी दाखवतात, पण संदेश दर वेळी येईलच असं नाही, म्हणून दोन दिवसांआड लॉगिन करून बघत जावं.

याच वेळी एका डीलरकडून रोज फोन येत होता. "ताई, जानेवारीपासून नवे प्रदूषणाचे नियम लागतायत, किंमत वाढणार, आत्ताच बिल करून टाका." चौकशी केल्यावर कळलं की १ जानेवारी २०२३ पासूनचे ते नियम ५० एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरांना होते. चोवीस एचपीचा त्यांच्याशी काही संबंध नव्हता. आणि आत्ता बिल करणं म्हणजे अनुदानावर पाणी सोडणं. कागद तपासून झाल्यावर खरेदी करा असं सांगणारं कृषी विभागाचं पूर्वसंमती पत्र हातात येण्याआधीच्या तारखेचं बिल चालत नाही. वाटलं तर थोडी रक्कम देऊन गाडी राखून ठेवा, पण बिल पूर्वसंमतीनंतरच्याच तारखेचं हवं, आणि पैसे अर्जदाराच्या खात्यातून डीलरच्या खात्यात बँकेमार्फत गेलेले दिसले पाहिजेत. रोख दिलेले धरत नाहीत.

पूर्वसंमती डिसेंबरमध्ये आली. त्यावर खरेदीची मुदत छापलेली होती आणि बँकेचं कर्ज अजून व्हायचं होतं.

कर्जाचं थोडं सविस्तर लिहिते, कारण इथे लोक घाईत फसतात. शोरूममध्येच फायनान्स कंपनीचा माणूस बसलेला असतो. कागद कमी, दोन दिवसांत मंजुरी. त्याने दर सांगितला आठ टक्के. विचारलं, घटत्या शिल्लकीवर की सरळ? सरळ. पाच वर्षांच्या मुदतीत सरळ आठ टक्के म्हणजे बँक ज्या पद्धतीने मोजते त्या पद्धतीने चौदाच्या आसपास जातं. राष्ट्रीयीकृत बँकेचा दर दहाच्या पुढे होता, तरी तोच स्वस्त. पण तिथे सोसायटीचा बेबाकी दाखला, गावच्या इतर बँकांचे ना देय दाखले, पॅनेलवरच्या वकिलाचा सर्च रिपोर्ट, मग इकरार, म्हणजे जमीन तारण दिल्याचा करार, आणि सातबाऱ्यावर बोजा. सासूबाई कर्जदार, नवरा सहकर्जदार. शाखेतल्या साहेबांनी विचारलं, "आजी, ट्रॅक्टर तुम्ही चालवणार का?" सासूबाई म्हणाल्या, "मी बसणार. चालवायला सून आहे." सही त्यांनी स्वतः केली, वेळ लावून, मराठी शाळेतल्या वळणदार अक्षरात.

हप्ता सहामाही की वार्षिक, हे बँकेशी बोलून ठरवता येतं. आमचा माल फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतो, व्यापाऱ्याचे पैसे हातात यायला एप्रिल लागतो. म्हणून मोठा हप्ता मेमध्ये घेतला. शाखा आपण होऊन जी तारीख छापते ती कर्जवाटपाच्या दिवसावरून असते, पिकावरून नव्हे.

ट्रॅक्टर ५ लाख ७२ हजारांना पडला. विमा, नोंदणी आणि नंबर प्लेट धरून सहा लाखांच्या थोडं वर. कर्ज साडेचार लाख, बाकी घरचे. ब्लोअर वेगळा, १ लाख ४५ हजार. (तेव्हा ट्रॅक्टरवर १२ टक्के जीएसटी होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ५ टक्के झाला आहे, त्यामुळे आमचे आकडे आज जसेच्या तसे लावू नका.)

ताबा घेण्याआधी मी एकच अट घातली होती की डेमो माझ्या बागेत, पाण्याने भरलेला ब्लोअर लावून होईल. डांबरी रस्त्यावर चक्कर मारून काही कळत नाही. डीलरने आढेवेढे घेतले, शेवटी आणला. ओळीत झकास चालला. पश्चिमेच्या बांधाशी जमीन थोडी चढ आहे, तिथे वळताना पुढची चाकं हलकी झाली. स्टेअरिंग फिरतंय आणि ट्रॅक्टर सरळ जातोय. डीलरचा ड्रायव्हर म्हणाला, "सवय होते." सर्व्हिसचा मेकॅनिक बाजूला उभा होता, तो म्हणाला, "सवय कसली, पुढे वजनं लावा." पुढच्या बंपरला वजनाच्या पाट्या लावल्या आणि तोच चढ सुरळीत गेला. मागच्या टायरमध्ये पाणी भरण्याचाही सल्ला कुणी दिला होता, पण मागे आधीच ब्लोअरचं वजन असताना आमच्या ओल्या मातीत आणखी भार नको म्हणून तो मानला नाही.

नोंदणी नाशिकच्या आरटीओत, एमएच १५. कागद डीलरनेच दिले, पण विक्री प्रमाणपत्रावर सासूबाईंचं नाव आधारप्रमाणे आहे का ते मी शोरूममध्ये उभं राहून वाचलं. एकदा आरसीवर चुकलं की अनुदानाची फाइल तिथेच अडते. आरसीवर बँकेचा बोजा नोंदला जातो, कर्ज फिटल्यावर तो आठवणीने काढून घ्यायचा असतो. नोंदणी होईपर्यंत ट्रॅक्टर घरी होता पण रस्त्यावर काढला नाही.

माझ्याकडे लायसन्स नव्हतं. ट्रॅक्टरसाठी वेगळं काढावं लागतं असा गावात समज आहे. मोटार वाहन कायद्यात हलक्या वाहनाच्या व्याख्येत साडेसात हजार किलोच्या आतला ट्रॅक्टर येतो, त्यामुळे कारचं जे लायसन्स तेच चालतं. सारथी पोर्टलवर लर्निंग काढलं, पक्क्या परीक्षेला ३० दिवस थांबावं लागतं. ट्रॅक्टर बागेत शिकले, परीक्षा मात्र कारवर दिली. कार मला आजही ट्रॅक्टरपेक्षा अवघड वाटते.

मोका तपासणीला, म्हणजे जागेवर येऊन बघायला, कृषी पर्यवेक्षक आणि सहाय्यक फेब्रुवारीच्या शेवटी आले, आम्ही काढणीच्या गडबडीत. चेसिस आणि इंजिन नंबर बिलाशी ताडून पाहिले, ट्रॅक्टरसोबत सासूबाईंचा फोटो काढला, त्यात जागेचे अक्षांश-रेखांश येतात. चेसिस नंबर कुठे कोरला आहे हे आधीच शोधून पुसून ठेवा, नाहीतर चिखल खरवडण्यात वेळ जातो. सासूबाईंनी त्या फोटोसाठी इरकल नेसली होती. पैसे जूनमध्ये खात्यात आले, सव्वा लाख. ते सरळ कर्ज खात्यात भरले.

आता बागेसाठी केलेले बदल. इथे मला सगळ्यांत जास्त मजा आली, आणि इथेच सगळ्यांत जास्त फुकटचे सल्ले मिळाले.

पिंपळगावच्या एका फॅब्रिकेशनवाल्या मिस्तरींकडे गेले. त्यांनी पाहताक्षणी सांगितलं, "ताई, चेसिसला पाइप वेल्ड करून पिंजरा करून देतो, फांदी लागायची नाही." सर्व्हिसच्या मेकॅनिकला विचारलं, तो नको म्हणाला. चेसिसवर वेल्डिंग केलं की वॉरंटी जाते, आणि उत्पादकाने दिलेल्या मूळ रचनेत फेरफार करायला कायद्याचीही आडकाठी आहे. अपघात झाला तर विमा कंपनी तेच बोट दाखवते. मग मिस्तरींना समजावलं की सगळं नटबोल्टवर हवं, कंपनीने दिलेल्या भोकांत बसणारं. ते थोडे रुसले, पण काम सुरेख केलं. हेडलाइटपासून बॉनेटवरून मागे उतरणारे दोन वाकवलेले पाइप, टोकं गोल, कुठेही कोपरा नाही. कोपरा असला की काडी अडकते, आणि काडी म्हणजे पुढच्या हंगामाचे घड. खर्च साडेसहा हजार.

सायलेन्सर उभा असता तर मांडवात पानं भाजली असती. आमच्या मॉडेलला खालून जाणारा सायलेन्सर कंपनीचाच मिळाला. खरेदीच्या वेळीच मागून घेतला तर बरं, मागाहून वेगळा लावायचा तर खर्च वाढतो. मागची चाकं उलटी बसवून बाहेरची रुंदी कमी केली, ४६ इंचांवर आली. मांडवात अरुंद चाक बरं, पण बांधाच्या उतारावर तेच चाक धोक्याचं, हे लक्षात ठेवावं लागतं. मागची सुरक्षा कमान दुमडणारी आहे. बागेत दुमडते, बाहेर पडलं की उभी करते. कमान उभी असतानाच पट्टा बांधायचा, दुमडलेली असताना नाही, कारण तेव्हा कलंडला तर ट्रॅक्टरला बांधलेलं असणं जिवावर येतं.

बायकांसाठी एक मुद्दा स्वतंत्र लिहिते. पीटीओचा शाफ्ट मिनिटाला ५४० फेरे फिरतो. साडीचा पदर, ओढणी, मोकळी वेणी यातलं काहीही त्यात गेलं तर हात सोडवायलाही वेळ मिळत नाही. शाफ्टवरचं प्लॅस्टिकचं कव्हर बरेच जण ग्रीस मारताना अडतं म्हणून काढून फेकतात. आमचं जागेवर आहे. मी ट्रॅक्टरवर नवऱ्याचा जुना शर्ट आणि पॅंट घालते, केस टोपीत. पहिले काही दिवस पारावरची मंडळी बघायची, आता त्यांनाही विषय राहिला नाही. खाली उतरायचं तर आधी पीटीओ बंद, मग इंजिन बंद, मग पाय खाली. मडगार्डवर पोराला बसवणं आमच्या घरात बंद आहे, कितीही रडलं तरी.

ट्रॅक्टर आला म्हणून फवारा नीट होतो असं नाही, तो जुळवावा लागतो. नऊ फुटांच्या ओळींनी एक एकर म्हणजे साधारण ४,८४० फूट ओळ. बागेत १०० फूट मोजून खुणा केल्या आणि पीटीओ ५४० वर ठेवून कोणत्या गिअरला ते अंतर किती सेकंदांत जातं ते घड्याळ लावून बघितलं. सत्तावीस सेकंद लागले तर वेग ताशी चार किलोमीटर. त्या वेगाने एकराला २२ मिनिटं, वळणं धरून अर्धा तास. एकरी ४०० लिटर पाणी बसवायचं तर नोझलमधून मिनिटाला मिळून १८ लिटर यायला हवं. ते बादली लावून मोजलं तर दोन नोझल झिजलेली निघाली, नव्या ब्लोअरची! बदलून घेतली. पोंग्यात पान थोडं असतं तेव्हा वरची नोझल बंद ठेवते, हवाही कमी करते, नाहीतर औषध शेजाऱ्याच्या कांद्यावर जातं. औषधाचं प्रमाण आणि फवारणीची वेळ यासाठी मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचा सल्ला बघते, दुकानदाराचा नव्हे.

टाकी भरायला वेळ जातो हे आधी कुणी बोललं नव्हतं. ४०० लिटर नळाने भरत बसलं तर एकराच्या फवाऱ्याइतकाच वेळ भरण्यात. विहिरीजवळ चार फूट उंच ओट्यावर हजार लिटरची टाकी बसवली, मोठ्या पाइपने ट्रॅक्टरवरची टाकी काही मिनिटांत भरते.

डिझेल फवाऱ्याला तासाला अडीच ते तीन लिटर जातं. पहिली सर्व्हिस ५० तासांना, ती चुकवायची नाही. हवेच्या फिल्टरकडे उन्हाळ्यात जास्त बघावं लागतं, खरड छाटणीनंतर बागेत धूळ फार असते.

ट्रॅक्टरचा खरा उपयोग २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये झाला. २६ तारखेला तालुक्यात गारपीट झाली. कित्येकांच्या उभ्या बागा आडव्या झाल्या. आमच्या शिवारात गार कमी, पाऊस जास्त. दुसऱ्या दिवशी सकाळी जमीन अशी होती की मोठा ट्रॅक्टर ओळीत घातला असता तर रुतला असता. दुपारी थोडं आवळल्यावर मी चारही चाकांची ओढ लावून, अर्धीच टाकी भरून आत घातला. सगळी टाकी भरली असती तर चाकोरी खोल पडली असती. अंधार पडेपर्यंत थॉमसन पूर्ण झाली, मांडव दुसऱ्या दिवशी. ज्या भाऊंचा ट्रॅक्टर आम्ही भाड्याने आणायचो त्यांचा फोन आला, त्यांचा ब्लोअर एका बागेत अडकला होता, त्यांच्याच पुतण्याचा एक एकर राहिला होता. तोही मारून दिला. त्या हंगामात आमचं नुकसान झालंच, मण्यांना तडे गेले, पण डाऊनीने बाग गेली नाही.

भाड्याने इतरांचे फवारे मारून हप्ता काढायचा, असं डीलरने पटवून दिलं होतं. ते फारसं जमत नाही. ज्या दिवशी लोकांना हवा त्याच दिवशी आपल्यालाही हवा असतो. हप्ता द्राक्षातूनच जातो, हे गृहीत धरूनच कर्ज घ्यावं.

आता रोटाव्हेटरसाठी अर्ज करायचा आहे, मांडवात चालेल असा तीन फुटी. ट्रॅक्टरच्या अवजारांना अनुदान घ्यायचं तर आरसी जोडावी लागते, ती आहे. २०२५ पासून पद्धत बदलली आहे. सोडतीऐवजी अर्जाच्या क्रमाने निवड होते आणि ॲग्रीस्टॅक या सरकारी शेतकरी नोंदणीचा ओळख क्रमांक लागतो. सासूबाईंचा क्रमांक काढायला गेलो तेव्हा सेवा केंद्रातल्या मुलाने सातबाऱ्याचे गट जोडताना मांडवाचा गट वगळला होता, तो घरी आल्यावर दिसला. दुसऱ्या दिवशी जाऊन जोडून घेतला. तुम्ही काढाल तेव्हा खिडकीवरून हलण्याआधी सगळे गट आलेत का, तेवढं वाचून घ्या.